वरून आलेलं पाणी

पत्रा सोलला तेव्हा आधी वास आला,
भिजल्या पोत्याचा,
आणि त्याच्यामागं कुठंतरी बेदाण्याचा.
कुपवाडच्या शेडात, दुपारी तीनला,
एका अंगानं उघडी पडलेली स्वराज माझदा,
अठ्ठ्याण्णवची.
आत पलंग, ओटा, हात धुवायचं भांडं,
आणि भिंतीचा सांगाडा असा
की बोट लावलं तर बोट आत.

तौफिक म्हणाला, पुराचं पाणी.
अडसूळ मॅडमही म्हणाल्या, पूरच असणार.
सांगलीत हे सोपं आहे.
लाकूड कुजलं, पूर. दार फुगलं, पूर.
कुणाचं लग्न मोडलं तरी
एकदा नदीकडं बघून घेतात.

मीही हो म्हणणार होतो.
पटाशीनं कूज खरवडत गेलो
तर खालचा आडवा जांभळाचा निघाला, ठणठणीत,
ठोकला तर वाजतो.
डाग वरून उतरलेला.
खिडकीच्या कोपऱ्यातून, चौथ्या उभ्याच्या अंगानं,
सावकाश, वीस-बावीस पावसाळे.

पूर वरून येत नाही.

मग धूळ पुसली आणि पेन्सिल दिसली.
३ फूट ११. दोन सूत कमी. फळी घालणे.
तीनची शेपूट लांब, पार पुढच्या अक्षरात शिरलेली.
शाळेत गुरुजींनी त्यावरून हात सुजवला होता,
तरी गेली नाही.

तासगावचा बेदाणेवाला होता तो. घाईत.
माल दिल्लीला निघायचा, गाडीतच झोपायचा.
मी सत्तावीसचा, मीही घाईत.
कमी पडलेल्या लाकडाला खोक्याची फळी,
कुसू नाही, काही नाही,
चार चुका मारल्या.
आमच्यात चूक म्हणजे बारीक खिळा, एवढंच.
वरून पत्रा, वरून रंग,
वरून बिल.

मॅडम स्टुलावर चहा पीत होत्या.
जत, आटपाडी, कवठे महांकाळ,
पस्तीस वर्षं उपकेंद्रांत काढलेली बाई.
आता त्याच गावांना जायचंय म्हणतात,
फक्त या वेळी अंथरूण स्वतःचं हवं.
म्हटलं, मॅडम, पूर नव्हे. मी.

त्या उठल्या. चष्मा नाकावर ओढून
जुना केसपेपर वाचावा तसा तो उभा वाचला.
म्हणाल्या, बाळंतपणं मी साडेतीन हजार केली,
सगळीच नीट झाली का, असं कुणी विचारू नये.
मग म्हणाल्या, याचे किती लावणार?
मी तोंड उघडायच्या आत,
फुकट म्हणू नका.
फुकटचं काम तुम्ही पुन्हा घाईत कराल.

सात उभे बदलले, दोन आडवे.
गुण्या लावला तर गाडीच गुण्यात नाही,
चासी डावीकडं बसलेली, आटपाडीच्या रस्त्यांना
अजून न जाताच.
चौकट सरळ करावी की गाडीला धरून?
दोन दिवस यात गेले.
तौफिकला वाटलं मी आजारी आहे.
शेवटी ओळंबा खिशात घातला
आणि एकेक कुसू तिच्या कलानं कापला,
रंध्याची सालपटं पायात,
सांध्यात एक बेदाणा सापडला, खड्यासारखा,
तो मॅडमनी रुमालात बांधून घेतला. का, विचारलं नाही.

पत्रा चढवायच्या आधी पेन्सिल कानावरून काढली.
चौथ्या उभ्यावर लिहिलं:
पाणी आलं तर आधी ३ नंबर खिडकीचा उजवा कोपरा बघणे.
खाली नाव. त्याखाली मोबाईल नंबर,
पाच आकडे लिहिले आणि थांबलो.
वीस वर्षांनी हा लागेल का,
लागला तर उचलेल कोण.

रिव्हेट गन हातात घेऊन तौफिक वाट बघत होता.
म्हणाला, माझा लिहा.